शेवटचा शब्द गाळू नकोस

सांगली,
नारळी पौर्णिमा

चि. सोनूस,

रविवारी फोनवर तुझा आवाज रडवेला झाला होता. वॉर्डातले आजोबा तुला म्हणाले, ‘आय कान्ट कीप एनीथिंग डाउन’, आणि तू त्यांच्या हातातला कप घेऊन टेबलावर ठेवलास. त्यांना सांगायचं होतं की खाल्लेलं काही पोटात ठरत नाही, सगळं उलटून पडतं. सोबतच्या नर्सच्या ते लक्षात आलं, औषध वेळेवर मिळालं, आजोबांचं काही बिघडलं नाही. पण तू म्हणालीस, मावशी, मला इंग्रजी येतच नाही. ते खरं नाही. तुला इंग्रजीचा एक मजला येतो, दुसऱ्यावर तू अजून गेलेली नाहीस, एवढंच.

नोंदणीसाठी तू ओईटी ही इंग्रजीची परीक्षा दिलीस, तेव्हा नॉशिया, व्हॉमिटिंग, टॉलरेट, पोस्टपोन असे शब्द घोटलेस. हे शब्द फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कायदा, विद्या यांची भाषा बदलली. चूल आणि अंथरूण मात्र जुन्याच शब्दांकडे राहिलं: पुट, कम, गो, कीप. गेट आणि टेक हे तर तुझ्या यॉर्कशरच्या बाजूला येऊन वसलेल्या व्हायकिंगांच्या भाषेतले. दुखणं आलं की माणूस घरच्या भाषेत बोलतो. आपल्याकडची म्हातारी डॉक्टरांना ‘अपचन झालं’ म्हणत नाही, ‘पोटात ढवळतंय’ म्हणते. तसेच तुझे आजोबा व्हॉमिट म्हणणार नाहीत. ‘आय कीप ब्रिंगिंग इट अप’ म्हणतील.

साध्या क्रियापदामागे अप, डाउन असे शब्द लागून अर्थ बदलतो, हे परक्यांना अवघड जातं ही तक्रार नवी नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं की परदेशी माणसाला सर्वात जास्त अडचण होते ती क्रियापदामागे लागणाऱ्या या चिमुकल्या शब्दांची. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव बरंच पुढे, १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून रूढ झालं.

पण तुला हे परकं वाटायचं कारण नाही. हार, आहार, विहार, प्रहार, संहार: धातू एकच, उपसर्ग बदलला की जेवणाचा मार होतो. संस्कृत तो शब्द आधी लावते, इंग्रजी नंतर लावते. आणि रोजच्या मराठीत? ‘करून टाक’ म्हणताना कुणी काही टाकत नाही, ‘बोलून बसले’ म्हणणारी उभीच असते. आपल्या गावात मराठी शिकायला आलेल्या परदेशी मुलीला हे समजावताना तू काय करशील? नियम सांगणार नाहीस, वाक्यं ऐकवशील.

आता मुख्य गोष्ट. ‘वुई हॅव रन आउट ऑफ ग्लव्ह्ज’ हे वाक्य घे. रन, आउट, ऑफ ओळीने आले म्हणून ते एकच लांबलचक क्रियापद वाटतं. पण कोण कुणाला बांधलंय ते बघ. आउट रनला बांधलेला आहे. त्याने धावण्याचा अर्थ संपण्यावर नेला. ऑफ मात्र हातमोज्यांच्या बाजूचा. ‘द ग्लव्ह्ज हॅव रन आउट’ म्हटलंस की ऑफ गळून जातो, कारण त्याला धरायला पुढे नामच नाही. ‘यू मस्ट कट डाउन’, कमी करा. काय? ‘कट डाउन ऑन सॉल्ट’. ‘आय कान्ट कीप अप’, माझ्याच्याने बरोबरीने चालवत नाही. कुणाच्या? ‘कीप अप विथ हर’. म्हणजे मधला शब्द क्रियापदाचा अर्थ बदलतो आणि शेवटचा शब्द आपल्या विभक्तीचं काम करतो. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामानंतर येतात, तिच्याशी, तिच्याबरोबर. इंग्रजीत ती नामाआधी येतात, म्हणून क्रियापदाला खेटून दिसतात. एकदा भांडणाच्या वेळी तू आईला म्हणाली होतीस, ‘माझ्यावर राग काढू नकोस.’ इंग्रज काय म्हणेल? ‘डोन्ट टेक इट आउट ऑन मी.’ काढणं म्हणजे टेक आउट, ‘वर’ म्हणजे ऑन. किती वर्षं शिकवलं मी, तरी हे साम्य पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

सगळ्याच गाठी अशा सुटत नाहीत. ‘पुट अप विथ द पेन’मधला विथ काढलास तर सहन करण्याचा अर्थच निघून जातो. ‘डू यू फील अप टू अ शॉर्ट वॉक?’, थोडं चालवेल का, हे तू दिवसातून दहादा विचारशील. त्यातला टू कधीही गाळू नकोस. गाळलास तर वाक्य असभ्य होतं. काही ठिकाणी विचारच उलटा चालतो. आपल्यात पुरळ अंगावर उठतं. त्यांच्यात माणूसच पुरळात बाहेर येतो, ‘शी हॅज कम आउट इन अ रॅश’. फ्लूने आडवा झाला तर ‘ही हॅज कम डाउन विथ फ्लू’. भूल उतरून शुद्धीवर आली तर ‘शी हॅज कम राउंड फ्रॉम द अ‍ॅनस्थेटिक’. आणि ‘हाऊ आर यू गेटिंग ऑन विथ द न्यू टॅब्लेट्स?’ याला माझ्या मते मराठीत एकच नेमका शब्द आहे: नव्या गोळ्या मानवल्या का?

मराठीच्या मदतीला एक मर्यादाही आहे. माझ्यावर रागावला म्हणून ‘अँग्री ऑन मी’, त्याच्याशी लग्न केलं म्हणून ‘मॅरीड विथ हिम’, हे आपण आपलीच विभक्ती तिकडे नेल्यामुळे होतं. तिथे विथ आणि टू लागतात. कॅच अप विथ, कीप अप विथ तोंडात बसले म्हणून आपण ‘कोप अप विथ’ म्हणतो. कोपला अप लागत नाही. तुझ्या परवाच्या मेलमध्ये ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ होतं. हा टू नामाआधीचा आहे, म्हणून ‘टू मीटिंग यू’. आणि कुणाला ‘आय पास्ड आउट इन २०१९’ सांगू नकोस. आपल्याकडे त्याचा अर्थ पदवी मिळाली, तिथे २०१९ मध्ये बेशुद्ध पडले असा. वॉर्डात तर तो शब्द रोज बेशुद्धीसाठीच वापरतील.

मध्ये ‘इट’, ‘हिम’ आलं की कान दे. ऑपरेशन पुढे ढकललं तर ‘दे पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही. पण ‘लुक आफ्टर हिम’; तिथे हिम मध्ये येत नाही. तीन शब्दांच्या जोडीतही बहुधा नाम शेवटीच: ‘पुट अप विथ इट’. ओळखायची खूण आवाजात आहे. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ऑफवर पडतो. ‘लुक अ‍ॅट इट’ म्हणताना अ‍ॅट जेमतेम ऐकू येतो. ‘पुट अप विथ द पेन’मध्ये जोर अपवर, विथ हलकेच निसटतो. तुझ्याकडून शेवटचा शब्द गळतो तो अज्ञानामुळे नव्हे, तो तुला ऐकूच आलेला नसतो म्हणून. तो ऐकायचा असेल तर प्रश्नात ऐक: ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉरवर्ड टू?’ शाळेत आम्ही सांगायचो की प्रेपोझिशनवर वाक्य संपवू नये. १६७२ साली कवी ड्रायडन यांनी बेन जॉन्सन यांच्या लेखनात हा दोष दाखवला, तेव्हापासून तो धाक चालत आला. तो तू मनातून काढून टाक. तिथली माणसं असंच बोलतात.

एकतीस वर्षं मी मुलांकडून ‘गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, गिव्ह इन म्हणजे शरण जाणे’ अशा याद्या पाठ करून घेतल्या. त्यांना मार्क मिळाले, बोलायला कुणी शिकलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून पाचशे फ्रेजल व्हर्ब्जचं ते पुस्तक बाजूला ठेव. खिशात छोटी वही बाळग. ऐकलेलं वाक्य अख्खं लिही, शेवटच्या अव्ययासकट आणि त्यापुढच्या नामासकट. रुग्णाचं नाव मात्र लिहू नकोस. शेजारी तुझ्या आजीने ते कसं म्हटलं असतं ते मराठीत लिही. रात्री मोठ्याने म्हण. दिवसाला तीन वाक्यं पुरेत. आणि एखादं कळलं नाही तर त्याच आजोबांना विचार. परक्या मुलीला आपली बोली समजावून सांगायला कुठलाही म्हातारा माणूस नाही म्हणत नाही.

पुढच्या पत्रात मला ‘कम’ची पाच वाक्यं पाठव. वॉर्डात ऐकलेली हवीत, पुस्तकातली नकोत.

तुझी,
मावशी