सायकलची वाट कुठे अडते?

तुमची मुलगी विचारते, "बाबा, लायब्ररीत सायकलने जाऊ?" अंतर जेमतेम दीड मैल, वाटेतल्या गल्ल्या शांत. फक्त एका ठिकाणी सहा लेनचा रस्ता ओलांडायचा आहे. तुम्ही म्हणता, "नको, मी गाडीने सोडतो."

या 'नको'मागचं गणित मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडलं. सायकलस्वारावर येणाऱ्या ताणानुसार त्यांनी रस्त्यांच्या चार पातळ्या केल्या. पहिली मुलांनाही झेपणारी, दुसरी बहुतेक मोठ्या माणसांना चालणारी, चौथी फक्त धीट लोकांसाठी. लेन किती, वाहनांचा वेग किती, सायकलला वेगळी जागा आहे का, यावर पातळी ठरते.

पण संपूर्ण वाटेची पातळी काढताना सरासरी घेत नाहीत. वाटेतला सर्वांत अवघड तुकडा ज्या पातळीचा, तीच सगळ्या वाटेची पातळी!

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचे सगळे रस्ते त्यांनी असे तपासले. नकाशावर सोप्या रस्त्यांची सुटी सुटी बेटं दिसली. सहा मैलांच्या आतल्या, कामावर जाण्याच्या फेऱ्यांपैकी फक्त ४.७ टक्के फेऱ्या फार वळसा न घालता दुसऱ्या पातळीच्या आत शक्य होत्या. मुख्यतः ही बेटं जोडणाऱ्या सुधारणा केल्या, तर हे प्रमाण जवळजवळ तिप्पट होईल, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणून शहराच्या सभेत नुसतं "सायकलसाठी रस्ते करा" म्हणू नका. तुमच्या मुलीला अडवणारा तो एक चौक नकाशावर दाखवा.