पापणी मिटणारी पाल

मी आठवीत असताना आमच्या घरामागच्या दगडांच्या ढिगातून एक जाड शेपटीची पाल निघाली. अंगावर काळे-पिवळे पट्टे. आमचे गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. "बिसखोपडा हाये, चावला त मानूस पानी मांगत नाई," म्हणत बाबांनी काठी घातली. मरताना तिने डोळे मिटले, एवढे माझ्या लक्षात राहिले. घरातली पाल डोळे मिटत नाही. तिला पापण्याच नसतात. ती जिभेने डोळे पुसते.

मागील वर्षी अमरावतीस कॉलेजात आलो आणि ग्रंथालयातील एका पुस्तकात तशीच पाल दिसली. प्राणिशास्त्र माझा विषय नव्हे, तरी ते पुस्तक मी दोनदा वाचले. ती होती 'लेपर्ड गेको', मूळची पाकिस्तान-अफगाणिस्तानकडची. अमेरिकेत व युरोपात लोक गेली कित्येक दशके तिची घरात पैदास करतात. तिच्या सातपुड्यातील भावंडाला २०१४ साली संशोधकांनी स्वतंत्र जात ठरवून 'युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस' असे नाव दिले. आमचा बिसखोपडा या कुळातला. त्याच्यात विषाचा थेंबही नाही.

हिला भिंतीवर चढता येत नाही, म्हणून काचेची पेटी पुरते. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी थंड ठेवतात. पाल हवी तिकडे सरकते. लपायला एक ओलसर कोपरा लागतो. खायला जिवंत रातकिडे, तेही चुन्याच्या क्षाराची पूड लावून. नाही तर हाडे वाकतात. जादा चरबी ती शेपटीत साठवते.

मादी एका वेळी बहुधा दोन मऊ कवचाची अंडी घालते. माझी आई खुडूक कोंबडी कुटारावर बसवते, तेव्हा कोंबडी अंडी सारखी फिरवते. पालीचे अंडे मात्र फिरवले तर आतला जीव मरू शकतो. म्हणून पाळणारे वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. याहून नवल पुढे आहे. पिल्लू नर की मादी, हे उबेवर ठरते. २६ अंशांवर जवळजवळ सगळ्या माद्या, ३२-३३ वर बहुतेक नर, ३४ च्या पुढे पुन्हा माद्याच जास्त! अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. तेव्हा दगडाखालचा गारवा या जिवाला किती मोलाचा असेल ते पाहा.

हे वाचून कोणी डबा घेऊन मेळघाटात जाऊ नये. आपल्याकडील घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणे, पाळणे, मारणे सारेच गुन्हे.

दिवाळीत हे सर्व बाबांना सांगितले. ते म्हणाले, "मंग तुहा काका कशानं गेला?" काकांना रात्री झोपेत काहीतरी चावले होते. सकाळी अंगणात बिसखोपडा दिसला. त्यावर औषध नाही, म्हणून त्यांना दवाखान्यात नेलेच नाही. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिच्या दातांची खूणही नीट दिसत नाही, आणि तिच्या विषावर दवाखान्यात लस मिळते, हे मी सांगितले. बाबा बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"आता निंगला त मले हाक मार," ते म्हणाले. "काठी नाई आनत."