पूर्वनियोजन म्हणजे नशीब नव्हे



गेल्या पावसाळ्यात जव्हारकडच्या एका पाड्यावर गेले होते. आमच्या उपासनेला येणाऱ्या एका भावाला क्षयरोगाचे औषध चालू होते. दोन महिन्यांत खोकला कमी झाला आणि त्याने गोळ्या बंद केल्या. विचारले तर म्हणाला, "ताई, तुम्हीच शिकवलं ना, देवानं सगळं आधीच नेमलंय? वाचायचं असेल तर वाचेन."

मी गप्प झाले. त्याच ओसरीवर मी इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय शिकवला होता. देवाने जगाच्या स्थापनेपूर्वी आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडले, हे सांगितले होते. पण 'ख्रिस्ताच्या ठायी' यावर पुरेशी थांबले नव्हते. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात 'नेमणे'चे 'नशीब' झाले. नशिबाला चेहरा नसतो. इथे नेमणारा पिता आहे.

त्या संध्याकाळी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ उघडला. वादळात सापडलेल्या तारवात पौलासह २७६ माणसे. कोणाचाही जीव जाणार नाही, असे देवदूताने पौलाला आधीच सांगितलेले. तरी खलाशी नांगर टाकण्याच्या निमित्ताने होडी उतरवून पळू लागले, तेव्हा पौलाने शताधिपतीला बजावले की, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले. पहाटे पौलाने उपाशी माणसांना जेवायला लावले. शेवटी कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागले. देवाने शेवट नेमला, तशा त्या फळ्याही त्यानेच पुरवल्या.

"म्हणजे गोळ्या माझ्या फळ्या," तो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो.

पण खरा प्रश्न त्याच्या बायकोने विचारला. "माझा बाप प्रभूचं नाव न ऐकताच गेला. त्याला नेमलं नव्हतं का?"

पदविकेच्या परीक्षेत या विषयावर मी दोन पाने लिहिली होती. तिच्यासमोर त्यातले एक वाक्यही आठवेना. मला माहीत नाही, एवढेच सांगितले. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, असे अनुवाद २९:२९ सांगते, आणि न्याय करणारा तो आहे, मी नाही. ती रडली, मीही तिच्याजवळ बसून राहिले. कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या आवृत्तीत निवडीचा विषय विश्वास आणि प्रार्थना यांच्या नंतर ठेवला आहे. तो क्रम मला आता पटतो. विश्वासात आलेल्याने मागे वळून कृपेबद्दल आभार मानावेत, यासाठी ही शिकवण आहे. दुसऱ्याच्या बापाला मोजायला ती नाही.

आणि जे अजून आले नाहीत त्यांचे काय? करिंथात भ्यालेल्या पौलाला प्रभूने सांगितले की या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. ते कोण, हे सांगितले नाही. पौल दीड वर्ष तिथेच राहून शिकवत राहिला.

आमच्या भावाचे उपचार अजून चालू आहेत. त्याच्यासाठी आणि त्याच्या पत्नीसाठी प्रार्थना करावी.