'क्वेंच' : एक क्रियापद, तीन अर्थ



मे महिन्याच्या सुट्टीत मी जबलपूरला आजोबांकडे गेलो होतो. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेले कमानिया गेट त्यांच्या घराजवळच आहे. तिथल्या बाजारात आजोबा आणि त्यांचे मित्र दर उन्हाळ्यात पाण्याचे माठ ठेवतात. यंदा पाटीवर इंग्रजी ओळ लिहायचे काम माझ्याकडे आले. मी ऐटीत लिहिले, 'क्वेंच युवरसेल्फ हिअर.'

आजोबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले आहेत. पाटी वाचून ते म्हणाले, "अरे, लोकांना पाणी पाजायचंय की विझवायचंय?" सगळे हसले आणि मी शब्दकोश उघडला.

1. तहान भागवणे : 'द वॉटर क्वेंच्ड माय थर्स्ट.' इथे कर्म 'थर्स्ट' आहे, माणूस नाही. मराठीत आपण 'माझी तहान भागली' म्हणतो, म्हणजे तहान हा कर्ता. इंग्रजीत पाणी कर्ता होते आणि तहान कर्म. आपली चूक इथेच होते. ज्ञानाच्या तहानेलाही हेच क्रियापद चालते.

2. आग विझवणे : हाच या शब्दाचा जुना अर्थ. तहानेचा अर्थ नंतर जोडला गेला. म्हणून माझ्या पाटीचा अर्थ 'इथे स्वतःला विझवा' असा झाला!

3. पोलादाला पाणी देणे : लालबुंद तापलेले पोलाद एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवतात. त्याने ते कडक होते. आपल्याकडे लोहारही विळ्याला पाणी देतो.

'स्लेक' हा याच अर्थाचा, पण जास्त पुस्तकी शब्द. चुनकळीवर पाणी टाकून चुना विरवण्यालाही 'स्लेक'च म्हणतात.

तिसरा अर्थ आजोबांनी स्वतः समजावला. मी चुकीमुळे खट्टू झालो होतो. ते म्हणाले, "पाणी दिलेलं पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा बेताने तापवतात. मग घाव बसला तरी तडकत नाही. तूही एका चुकीने तडकू नकोस."

मी पाटी पुसून लिहिले, 'क्वेंच युवर थर्स्ट हिअर.' मग पहिला पेला आजोबांना भरून दिला.

सराव : 'पावसाने वणवा विझवला' याचे 'क्वेंच' वापरून इंग्रजी करा.