सुट्टी त्यांची, धास्ती आपली

शेवटचा पेपर व्हायचा असतो आणि आपण विचारून मोकळे होतो, "मग, सुट्टीत काय ठरवलंस?" विचारण्यामागे काळजीच असते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आईबापांना ती जरा जास्तच. पुण्या-नागपूरची पोरं पुढे निघून जातील आणि आपलं लेकरू इथेच राहील, ही धास्ती मनातून जात नाही. मग कुणी नागपूरला कोडिंगचा क्लास शोधतं, कुणी एमपीएससीची बॅच, कुणी इंग्रजी संभाषणाचा कोर्स. फी भरली की आपल्याला जरा हायसं वाटतं.

त्या घाईत घरी आलेल्या लेकराकडे नीट बघायचं मात्र राहून जातं.

वसतिगृहातून आलेली मुलगी पहिले काही दिवस कूलरसमोर नुसती पडून असते. बाहेर पारा पंचेचाळिशीच्या घरात, आपण कामावरून घामाघूम होऊन येतो आणि ती तशीच लोळत मोबाइल बघत असते. आपल्या तोंडून जातंच, "दिवसभर काय केलंस?" ती उत्तर देत नाही, उठून आतल्या खोलीत निघून जाते. मेसचं जेवण, परीक्षेची जागरणं, मार्कांची भीती, कुणाला न सांगितलेलं एखादं दुखणं, हे सगळं ती सोबत घेऊन आलेली असते. पहिला आठवडा तिला झोपू द्यावं. आंबील करावी, आवडीची भाजी करावी आणि काहीही विचारू नये. थकवा उतरला की मुलं आपणहून चुळबुळायला लागतात. बोलायची खरी वेळ ती.

तेव्हा "काय करणार?" ऐवजी "तुला काय करून बघावंसं वाटतं?" असं विचारून बघा. उत्तर लगेच येणार नाही. चार दिवस जाऊ द्या.

एक गोष्ट मला फार मनापासून सांगायची आहे. दरवर्षी मे महिन्यात, भर उन्हात, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कॉलेजची मुलं आपल्या मूल तालुक्यातल्या सोमनाथला येतात. बाबा आमटेंनी साठच्या दशकात तिथे प्रकल्प उभा केला आणि श्रमसंस्कार छावणी सुरू केली. सकाळी कुदळ-फावडं घेऊन श्रमदान, मग चर्चा, गाणी, अनोळखी मुलांसोबत एका पंगतीत जेवण. मुंबई-पुण्याचे आईबाप मुलांना रात्रभराच्या प्रवासाला लावून इथे पाठवतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण आपल्या मुलांची बॅग भरून त्यांना इथून बाहेर धाडतो. आपल्या दाराशी काय आहे, हे आपल्यालाच दिसेनासं झालंय.

गडचिरोलीजवळ शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं 'निर्माण' शिबिर 2006 पासून चालतं. शिकलेल्या तरुणांनी आयुष्यात नेमकं काय करावं, या प्रश्नावर तिथे मुलं बसून विचार करतात. चंद्रपुरात 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनी मार्च 2017 मध्ये गोंडकालीन किल्ल्याची साफसफाई हाती घेतली. परकोटावर माजलेली झुडपं, वर्षानुवर्षांचा कचरा, सगळं रोज सकाळी ऊन चढायच्या आत हातांनी काढलं. जटपुरा गेटमधून आपण रोज गाडी काढतो, पण त्या भिंतीवर चढून शहर बघावं, असं आपल्यापैकी किती जणांना सुचलं होतं?

शिबिरातच जायला हवं असंही नाही. गडचिरोलीत अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून ही वाट रुळत गेली. अशा गावात बी.कॉम.च्या मुलाने तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवर बसून पानांच्या पुड्यांचा हिशेब लिहिला, तर वर्गात न कळलेलं खतावणीचं पान त्याला तिथे कळतं. वनस्पतिशास्त्राच्या मुलीने आजीजवळ बसून वास्ते, कुडा, काटवल, तरोटा कुठे मिळतात, कसे शिजवतात, ते वहीत उतरवावं. गोंडी किंवा माडिया बोलणारी आजी असेल, तर तिच्याच शब्दांत. आजी नुसती "जेवलीस का?" विचारणारी म्हातारी उरत नाही, जाणकार होते. नातीलाही आपल्या घराचं अप्रूप वाटायला लागतं.

आता दुसऱ्या घरांबद्दल. आपल्याच कॉलेजातली कितीतरी मुलं सुट्टी लागताच तेंदूपत्त्याला जातात. अंधार असताना निघायचं, ऊन तापायच्या आत पानं घेऊन परतायचं, मग अख्ख्या घराने अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. बोटं काळी पडतात. पुढच्या वर्षाची फी, खोलीभाडं त्यातूनच निघतं. या आईबापांच्या मनात सल असतो की आपण पोराला सुट्टीही देऊ शकलो नाही. त्यांना माझं सांगणं आहे, हे काम मुलापासून लपवू नका आणि त्याला लपवायला लावू नका. मजुरी आली की त्याचा वाटा त्याच्या हातात द्या. "तुझी फी तू कमावलीस," हे एकदा तोंडाने म्हणा. आणि तेंदूपत्त्याचे दिवस संपल्यावर कॉलेज सुरू व्हायच्या आत चार दिवस त्याला पूर्ण मोकळे द्या.

जंगलात कुणीही एकटं जायचं नाही, हे मात्र ठाम सांगा. आपल्याकडे मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांतच वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. गटाने जावं, बोलत राहावं, वनखात्याने मनाई केलेल्या भागात पाऊल टाकू नये. दुपारच्या उन्हाचंही तसंच. काम सकाळी, दुपार सावलीत.

क्लास वाईट नाहीत. मुलाने स्वतः मागितला, तर जरूर लावा. पण केवळ आपली धास्ती शमवायला त्याची सुट्टी खर्च होऊ नये.

तेव्हा या उन्हाळ्यात एवढं करूया. पहिला आठवडा विश्रांतीचा, पुढचे दिवस मुलाने निवडलेल्या एका कामाचे, आणि रोज रात्रीचं एक जेवण टीव्ही-मोबाइल बंद करून सगळ्यांनी सोबत. त्या जेवणात मार्कांचा विषय काढू नका. मुलं बोलायला लागतील. आपण फक्त ऐकूया.