तिच्या घरचे पाणी



या अंकासाठी शेजाऱ्यावरील प्रीतीविषयी अभ्यासलेख लिहावा असे मला सांगण्यात आले, तेव्हा पहिल्यांदा लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखलाच आठवला. लिहायला बसले आणि लेखणी अडली. त्या दाखल्यात मी नेहमी स्वतःला शोमरोन्याच्या जागी बसवत आले आहे. तेल माझ्या हातात, जखमी माणूस माझ्या पायाशी. मेळघाटात परिचारिका म्हणून काम करताना असे वाटणे फार सोपे असते. म्हणून आज आपण दुसऱ्या एका शोमरोनी व्यक्तीकडे जाऊ. योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून जवळ ठेवावा.

आधी माझी गोष्ट सांगते. ती सांगताना मान खाली जाते, पण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमचे काम कोरकू गावांत आहे. समोरासमोर दोन रांगांत घरे, मध्ये रस्ता. दिवाळीनंतर घरातली कर्ती माणसे अकोला-अमरावतीच्या सपाटीकडे कापसाला, तुरीला जातात आणि बरीचशी होळीलाच परततात. मी गावोगाव फिरून लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला की पट्टीवर लाल रंग दिसतो आणि मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. आईने तिथे चौदा दिवस राहायचे असते.

गेल्या नोव्हेंबरात एका चौदा महिन्यांच्या मुलाचा घेर ११.१ भरला. आईला पुष्कळ समजावून मी त्याला दाखल केले. पाचव्या दिवशी ती कोणालाही न सांगता मुलाला घेऊन घरी निघून आली. मला कळले तेव्हा मी तडक तिच्या गावी गेले आणि दारात उभी राहूनच तिला बोलले. शेजारपाजारचे ऐकत होते. "तुला मूल नको आहे का?" इतके मी बोलले. ती गप्प राहिली. आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी पिशवीतली माझी बाटली तिला दाखवली आणि वळले. नोंदवहीत लिहिले: 'समजावले. ऐकत नाही.'

परतताना आमच्या गावातल्या कार्यकर्तीने वाटेत मला सांगितले. तिला आणखी दोन मुले आहेत, सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. नवरा तुरीच्या कामाला गेलेला. चार वर्षांच्या मुलाला ताप भरल्याचा निरोप केंद्रात पोचला आणि ती निघाली. बुडीत मजुरी मिळते हे खरे, पण ती हातात पडेपर्यंत घरातल्या दोघांनी काय खायचे? मला त्या बाळाचा घेर दशांशापर्यंत पाठ होता. त्याला भावंडे आहेत हे ठाऊक नव्हते.

त्या रात्री नेहमीच्या वाचनात योहानाचा चौथा अध्याय आला.

येशू चालून थकला आहे. याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. दुपारची वेळ. शिष्य अन्न आणायला गावात गेले आहेत. त्याच्याजवळ पोहरासुद्धा नाही. आणि जो जिवंत पाणी द्यायला आला, तो त्या स्त्रीला काही देण्याआधी तिच्याकडे मागतो. पाणी मागतो. नवव्या वचनात यहूदी आणि शोमरोनी यांच्यातल्या दुराव्याचा उल्लेख आहे. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'एकमेकांची भांडी वापरत नसत' असाही घेतात. म्हणजे तो नुसते पाणी मागत नव्हता, तिच्या भांड्यातून प्यायला तयार होता. ती चकित झाली ती यामुळेच. पुढचे सगळे, तिचे खरे बोलणे, घागर तिथेच टाकून गावात धावत जाणे, प्रभूचे त्या गावात दोन दिवस राहणे, हे या मागण्यातून सुरू होते.

मी त्या गावांत तीन वर्षे जात होते. एकाही घरी पाणी प्यायले नव्हते.

पाणी उकळूनच प्यावे हे आम्हीच शिकवतो, तेव्हा बाटली बाळगण्यात काही चूक नाही. माझ्या जागी येणाऱ्या नव्या मुलींनी तरी ती जरूर बाळगावी. पण माझी बाटली नुसती आरोग्यासाठी नव्हती. मी देणारी, तुम्ही घेणारे, ही रेघ ती आखत होती. आपल्या मराठी मंडळीला ही रेघ अनोळखी नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत सोवळ्याओवळ्याशी त्या कशा झगडल्या, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त किती मोकळेपणाने लिहिले आहे! ते वाचताना मी पूर्वी हसले होते. माझे सोवळे प्लास्टिकच्या बाटलीत होते, एवढाच फरक.

पौल करिंथकरांना लिहितो की सर्व मालमत्ता वाटून टाकली तरी प्रीती नसेल तर काही लाभ नाही. हे वचन (१ करिंथ १३:३) मी पैसेवाल्यांसाठी आहे असे धरून चालले होते. आणि योहान आपल्या पहिल्या पत्रात (४:१२) म्हणतो की आपण एकमेकांवर प्रीती करतो तेव्हा देवाची प्रीती आपल्यामध्ये पूर्ण होत जाते. आपल्यामध्ये! माझी समजूत अशी होती की माझ्यातले काम उरकलेले आहे आणि आता ते फक्त पुढे पोचवायचे आहे.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेले. या वेळी बसले. म्हटले, "मला तहान लागली आहे, पाणी देता का?" 'देता' हा शब्द जिभेवर यायलाही जड गेला, तोवर मी तिला 'तू'च म्हणत होते. तिने माझ्याकडे पाहिले, मग पिशवीकडे. कोपऱ्यातल्या झाकलेल्या वेगळ्या मडक्यातून पाणी काढून दिले आणि म्हणाली, "उबाला है, सिस्टर."

पावसाळ्यात मी गावात दाखवले होते, तेव्हापासून ती मुलांसाठी रोज पाणी उकळत होती. पाच महिने! आणि माझ्या वहीत लिहिलेले होते, 'ऐकत नाही.' मी तिची माफी मागितली. ती हसली आणि तिने विचारले, "आपको कितने बच्चे?" तीन वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. विचारणार कधी, मी बसतच नव्हते.

मग पुढचे आम्ही दोघींनी मिळून ठरवले. खरे तर तिनेच ठरवले. समोरच्या घरातल्या म्हातारीने दोन्ही मुलांना सांभाळायचे आणि आम्ही त्या घरी धान्य पोचवायचे. तुमच्या देणग्यांतले थोडे तिथे गेले. ती पुन्हा केंद्रात गेली आणि पूर्ण चौदा दिवस राहिली. वहीतली ती ओळ मी खोडली आहे, फाडलेली नाही.

मी फार बदलले असे म्हणणार नाही. मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका गावात एका बापावर आवाज चढला, आणि परत जाऊन त्याच्या ओट्यावर बसावे लागले.

होळीला तिचा नवरा आला तेव्हा मी बाळाचा घेर मोजला: ११.९. लाल गेला आहे, पट्टी अजून पिवळ्यावर आहे. पावसाळा तोंडावर आला आहे आणि मेळघाटात लहान मुलांना हेच महिने कठीण जातात. त्या बाळाची प्रार्थनेत आठवण ठेवा. मोठ्या मुलीचे नाव जूनमध्ये शाळेत घालायचे आहे. तिच्या आईने त्या दिवशी मला सोबत यायला सांगितले आहे.