प्राचीन ग्रीस आणि इनामगाव : शेतीचा एक तुलनात्मक विचार

ग्रीक संस्कृती म्हटली की होमर, सॉक्रेटिस, प्लेटो आठवतात. त्यांना जेवू घालणारा शेतकरी मात्र सहसा आठवत नाही. ग्रीसची भूमी डोंगराळ, माती उथळ आणि पाऊस हिवाळ्यातला. त्यामुळे तेथील शेतकरी शरद ऋतूत पेरणी करी व उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणी करी. गव्हापेक्षा कमी पाण्यावर येणारे जव हे त्याचे भरवशाचे पीक होते. जमीन एक वर्ष पिकवून एक वर्ष पड ठेवण्याचा प्रघात होता. शिवाय ऑलिव्ह व द्राक्षे होतीच. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास हेसिऑड या कवीने शेतीच्या कामांवर काव्य रचले. कृत्तिका उगवताना कापणी आणि मावळताना नांगरणी, असे कालमान त्यात आहे. रोहिणी-मृगाचा हिशेब मांडणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ते परके वाटणार नाही.

जवावर जगणारे असेच एक गाव महाराष्ट्रातही होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील ही वसाहत. जवाबरोबर गहू, मसूर, हुलगा ही धान्येही तेथे सापडली. पाण्यासाठी लोकांनी बांध घालून कालवा काढला होता. एका पाच खोल्यांच्या घराशेजारी कोठार आढळले. ते घर गावप्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात.

इ. स. पूर्व १००० नंतर मात्र चित्र पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढली. पाऊसमान कमी झाल्याने असे घडले, असे मत डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडले. हेसिऑड काव्य रचीत होता, साधारण त्याच सुमारास इनामगाव ओस पडले.

अथेन्सलाही पुढे आपले धान्य पुरेना. पण ते काळ्या समुद्राकाठून धान्य आणू शकले. इनामगावला असा आधार असल्याचे दिसत नाही. बांध पाणी अडवतो, पाऊस पाडीत नाही, हाच त्याचा धडा होय. आपला बिद्री परिसर उसावर उभा आहे आणि उसाला पाणी फार लागते. म्हणून उसाच्या जोडीला कमी पाण्याची पिके आणि जमिनीला विसावा यांचा विचार आपणही करावा, असे मला वाटते.